कोल्हापूरची काळविटाची शिकार : तयारीच्या कागदांचें महत्त्व

संस्थानी शिकारीचें साधन म्हणून संग्राहकांच्या घरीं जें जपलेलें असतें, तें बहुधा छायाचित्र, शिंगांची जोडी किंवा मानाची बंदूक. खर्चाची यादी किरकोळ समजून रुमालाच्या तळाशीं पडते, व कसर लागल्यावर प्रथम तीच टाकली जाते. प्रस्तुत लेखाचें म्हणणें असें कीं, कोल्हापूरच्या काळविटाच्या शिकारीविषयीं छायाचित्र जें सांगूं शकत नाहीं, तें ही यादी सांगते.

कोल्हापूर संस्थानाची भूमि शिकारीच्या दृष्टीनें दोन प्रकारची होती. पश्चिमेस दाजीपूर-राधानगरीचें दाट रान, तें गव्याचें. पूर्वेस मोकळे माळ. आज बेळगांव जिल्ह्यांत असलेले रायबाग व कटकोळ हे महाल त्याच बाजूचे. काळवीट हा माळावरचा प्राणी. तो कळपानें राहतो, दुरून पाहतो आणि वेगानें निसटतो. त्यास गांठावयाचें तर चित्ता हवा.

ही रीत दक्षिणेंत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत चित्त्याकडून हरिण धरविण्याचें वर्णन आहे. पुढें मोगल दरबारांत ती भरभराटीस आली. अकबराच्या पदरीं हजार चित्ते असल्याचें 'आइने-अकबरी'वरून सांगतात.

अशा शिकारीचा बेत दिवस ठरवून होत नसे. तो कित्येक महिने आधीं सुरू होई. रानांत वाढलेलाच चित्ता धरावा लागे, कारण हरिण पाडण्याची विद्या तो आपल्या आईपासून शिकलेला असे. ज्या झाडाशीं चित्ते वारंवार येत, तेथें पारधी फासे मांडीत. मग चित्तेवान त्यास खाटेशीं बांधून, डोळ्यांवर टोपी चढवून, माणसांच्या गलबल्याची संवय लावीत. शिकारीच्या दिवशीं त्यास बैलगाडींतून नेत. कारण शेतकऱ्याच्या गाडीस काळवीट फारसें बुजत नाहीं. गाडी कळपाकडे सरळ न हांकतां वळसे घेत नेत आणि जवळ गेल्यावर टोपी काढीत. कांहींशें यार्डांच्या आंत निकाल लागे. डाव फसल्यास चित्ता दमून खालीं बसे. डाव साधल्यास चित्तेवान धांवत जाऊन काळविटाचा गळा चिरी व त्याचें रक्त लाकडी पळींतून चित्त्यास देई, तेव्हां त्याची पकड सुटे.

यांतील अडचण एकच, पण मोठी होती. माणसाळलेला चित्ता बंदिवासांत बहुधा विऊं शकत नाहीं. जहांगिरानें आपल्या आत्मवृत्तांत चित्त्याच्या पिलांची गोष्ट नवल म्हणूनच नोंदविली आहे. म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानांतूनच आणावा लागे. आणि शतकानुशतकें तसें झाल्यावर रान रिकामें झालें. राजर्षि शाहू छत्रपति (१८७४–१९२२) यांस या शिकारीची मोठी आवड होती. परंतु विसाव्या शतकांत देशी चित्ता दुर्मिळ झाल्यामुळें कोल्हापूर व भावनगर यांसारख्या संस्थानांस आफ्रिकेंतून चित्ते आणवावे लागले.

संशोधकानें सावध व्हावयाचें तें येथेंच. कोल्हापुरांतील छायाचित्रांत चित्ता दिसला, एवढ्यावरून तो करवीर प्रांताच्या रानांतला ठरत नाहीं. तो दख्खनचा कीं समुद्रापलीकडचा, हें चित्रावरून सांगणें कठीण. पण पारध्यास दिलेलें बक्षीस, जहाजाचें भाडें किंवा व्यापाऱ्यास दिलेली किंमत यांपैकीं एक ओळ सांपडली कीं प्रश्न मिटतो. देशी चित्ता कोठें व केव्हांपर्यंत होता, हें ठरविण्यास अशा नोंदींवांचून दुसरा भक्कम आधार थोडाच.

दुसरी गोष्ट माणसांची. छायाचित्राखालीं राजांचें व पाहुण्यांचें नांव असतें. फासा मांडणाऱ्याचें नसतें. इंग्रजी कायद्यानें पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला असतां शाहू महाराजांनीं त्यांच्यांतील लोकांस कामें दिलीं, आणि १९१८ सालीं कित्येक जमातींची हजेरीची पद्धत बंद केली. त्या लोकांचीं व चित्तेवानांचीं नांवें शोधावयाचीं तीं पगारपत्रकांत.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. १९४७ सालीं कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. तेच देशांतील अखेरचे मानतात. १९४९ सालीं कोल्हापूर मुंबई राज्यांत विलीन झालें. १९५२ सालीं चित्ता नामशेष झाल्याचें जाहीर झालें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें काळवीटही अवध्य ठरलें. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आणलेले आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनो येथें सोडण्यांत आले. तेव्हांपासून पूर्वीं चित्ता कोठें होता, हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाहीं.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांतील मोडी दप्तरें शासनाच्या रक्षणांत आहेत. खाजगी घरांतील रुमालांस तें रक्षण नाहीं. तरी संग्राहकांस विनंति कीं, ज्या कागदावर केवळ बैल, दोर, खाटा, टोप्या, मांस व पगार एवढेंच लिहिलेलें असेल, तो रद्दींत टाकूं नये. त्याची तारीख व गांव टिपून घ्यावें आणि नक्कल मंडळाकडे पाठवावी.