पेशंटनं विचारलं, पण कुणाला? रुग्णसहभाग मोजण्याचा छोटासा इतिहास

रुग्णसुरक्षेवर संशोधन करायचं ठरलं की बरेच जण लगेच तयार प्रश्नावली शोधायला लागतात. मी म्हणेन, जरा थांबा. गेल्या पंचवीस वर्षांत 'रुग्णाचा सहभाग' या एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत. आपण त्यातली कुठली मोजणार हे आधी कळायला हवं.

सुरुवातीला रुग्णाला कुणी विचारतच नव्हतं. हार्वर्डच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ५१ रुग्णालयांमधले १९८४ सालचे तीस हजारांहून जास्त केसपेपर तपासले. सुमारे ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळेच इजा झाली होती, असं १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं. काम प्रचंड होतं. पण केसपेपर लिहितात डॉक्टर आणि सिस्टर. त्यांनी जे लिहिलं नाही, ते या पद्धतीत दिसणारच नाही.

मग रुग्ण साक्षीदार झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये २००३ साली दाखल झालेल्या सुमारे हजार रुग्णांना घरी गेल्यावर मुलाखतीत विचारलं आणि त्यांचेच केसपेपरही तपासले. मुलाखतीत २३ टक्के रुग्णांच्या बाबतीत काहीतरी इजा झाल्याचं आढळलं, कागदावर फक्त ११ टक्के. २००८ मध्ये छापलेला हा पेपर जरूर वाचा. एकाच घटनेची दोन मापं शेजारी ठेवली की काय कळतं, याचा तो उत्तम नमुना आहे.

दुसरं माप कृतीचं. मेरिअन मॅकगकिन यांनी रुग्णांनाच सांगितलं, तुम्हाला हात लावण्याआधी 'हात धुतलेत का?' असं विचारा. मग साबण किती संपतो ते मोजलं. साधी युक्ती, पण प्रश्नावलीपेक्षा भरवशाची. ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या २००१ च्या अभ्यासात साबणाचा वापर वाढला. मात्र खरी गोष्ट पुढे आहे. विचारणाऱ्या सगळ्या रुग्णांनी नर्सना विचारलं, डॉक्टरांना विचारलं फक्त ३५ टक्क्यांनी. म्हणजे या आकड्यात रुग्णाच्या जागरूकतेइतकीच वॉर्डातली उतरंडही मोजली गेली.

तिसरं माप तयारीचं. रेचेल डेव्हिस, चार्ल्स व्हिन्सेंट आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ८० शस्त्रक्रियेच्या रुग्णांना विचारलं, की असे प्रश्न तुम्ही विचाराल का? 'मला किती दिवस राहावं लागेल?' हे विचारायला लोक तयार होते. 'हात धुतलेत का?' म्हणायला कचरत होते. पण डॉक्टरांनीच 'बिनधास्त विचारा' असं सांगितलं असेल तर ही तयारी वाढत होती. इथे एक मेख आहे. 'मी विचारेन' म्हणणं आणि खाटेवर पडल्यापडल्या खरंच विचारणं, यात फार अंतर असतं.

चौथं माप ब्रॅडफर्डच्या गटाचं. त्यांनी रुग्णाला वॉर्डाबद्दल विचारलं: संवाद कसा आहे, माणसं पुरेशी आहेत का, सामान वेळेवर मिळतं का. या उत्तरांवरून वॉर्डांनी सुधारणा कराव्यात, असा प्रयोग ३३ वॉर्डांत झाला. २०१७ मध्ये निकाल आला, लक्षणीय फरक नाही. असे निकालही वाचायची सवय लावा. रुग्णाचं मत गोळा केलं म्हणून वॉर्ड आपोआप बदलत नाही.

आता आपल्याकडे यातलं एखादं माप मराठीत आणायचं असेल, तर फक्त भाषांतर पुरणार नाही. आपल्या वॉर्डात औषधं आणणं, सलाईन संपत आलं की सिस्टरना हाक मारणं, ही कामं बहुतेकदा नातेवाईक करतात. मग 'सहभाग' कुणाचा धरायचा? आणि गुण कमी आले तर दोष पेशंटच्या गप्प बसण्याला द्यायचा, की त्याला गप्प बसवणाऱ्या वातावरणाला? सिनॉप्सिस लिहिण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं एका पानात लिहून गाईडना दाखवा. प्रश्नावली त्यानंतर निवडा.