तीन रुळांवरचा तंबोरा

गवयांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि घराण्यांच्या वादांवरही शाई भरपूर सांडली आहे. पण ज्यांच्या आधारावर हे सारे गाणे उभे राहिले, ती वाद्ये आजारी पडली म्हणजे कुठे जात, कशी जात आणि धडपणी घरी परतत की नाही, याची विचारपूस इतिहासाने फारशी केलेली नाही. नामवंत गवयाला ही चिंता नव्हती. त्याचा तंबोरा त्याच्याबरोबर, शिष्याच्या मांडीवर प्रवास करी. खरी अडचण होती ती कांग नदीकाठच्या आमच्या जामनेरसारख्या गावांची. इथे भजन होते, कीर्तन होते, हौशी नाटके होती. नव्हता तो फक्त तंबोऱ्याचा वैद्य. त्यामुळे वाद्याला मालकाविना, एकट्यालाच, परमुलखी धाडावे लागे.

सगळ्याच वाद्यांना ही यातायात नव्हती. तबला, ढोलकी, पखवाज यांचे दुखणे कातड्याचे. ते आसपासच्या बाजारपेठेत निभावून जाई. पेटीचे तसे नव्हते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारण्याची पेटी प्रचारात आणली आणि पाहता पाहता ती गावोगावच्या देवळांत जाऊन बसली. तिचा भाता कुणीही सांधील, पण बसलेला सूर घासून पुन्हा स्वरात आणणे हे कानाचे काम. ती मुंबई-पुण्याकडे जाई. तंबोऱ्याला मात्र एकच गाव ठाऊक होते, ते मिरज.

मिरजेला हा मान का मिळाला, हे सांगण्याजोगे आहे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. पेशवाई बुडाली, तलवारींची मागणी आटली, आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्या पिढीने हातातले कसब वाद्यांकडे वळवले. भीमाकाठचा, पंढरपूरच्या बाजूचा जाड सालीचा भोपळा त्यांना जवळ होता. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा, तंबोऱ्याच्या सुरात तसूभर उणे न चालवून घेणारा जाणकार गावातच राहू लागला. सन २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. त्यामागे या पावणेदोनशे वर्षांची पुण्याई आहे.

आता जामनेरहून मिरजेस कसे जायचे? नकाशावर दोन्ही गावे एकाच महाराष्ट्रात आहेत खरी, पण वाटेतले रूळ एकमेकांना ओळखत नव्हते. जामनेर ते पाचोरा ही आमची ‘पीजे’ गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ मध्ये सुरू झाली. वाट जेमतेम ३५ मैलांची आणि रुळांची रुंदी अडीच फूट. पाचोऱ्यास साडेपाच फुटी रूळ लागे. तेथून मनमाड, आणि मनमाडहून १८७८ साली झालेल्या फाट्याने दौंड, मग पुणे. पुण्यास पुन्हा खांदेपालट! तिथून मिरजेकडे जाणारी वाट मीटर मापाची, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. दौंडहून कुर्डुवाडीस जाऊन १९२७ साली मिरजेपर्यंत पोचलेली बार्शी लाइट रेल्वे धरावी, तर तीही आमच्या पीजेसारखी अडीच फुटी. कुठूनही जा, एका तंबोऱ्याला तीन रुळांचा प्रवास चुकत नसे.

एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. म्हणजे पाचोऱ्यास आणि पुण्यास प्रत्येक नग हाताने उतरवून हाताने चढवणे आले. गाडी जागची हालते तेव्हा बसणारे हिसके सारखे आणि लहान असतात. हमालाच्या डोक्यावरून फलाटावर येणारा एकच हिसका त्या सगळ्यांना पुरून उरतो. वाद्ये धावत्या गाडीत क्वचितच मोडत. ती मोडत सांध्यावर, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. बांधणीचे जे शहाणपण आमच्याकडे जमले, ते सारे या सांध्यांनी शिकवलेले आहे.

कायद्याचा आधार होता, पण बेताचा. १८९० च्या रेल्वे कायद्यात मौल्यवान वस्तूंची एक यादी जोडलेली होती. सोने, जवाहीर, रेशीम यांच्या पंगतीत वाद्यांनाही तीत पाट मांडलेला होता. मूळ कलम ७५ प्रमाणे अशा मालाची किंमत शंभर रुपयांच्या वर असेल, तर ती आधी जाहीर करून जादा आकार भरल्याखेरीज रेल्वेवर नुकसानीची जबाबदारी येत नसे. याशिवाय जोखीमपत्रे असत. माल आधीच खराब असेल किंवा बांधणी कच्ची असेल, तर पाठवणाऱ्याने तसे लिहून सही द्यायची. यातली गंमत वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. दुरुस्तीला निघालेले वाद्य आधीच मोडलेले असायचे! तेव्हा दाद मागण्यापेक्षा खोका नीट ठोकणे बरे, हे लोक लवकरच उमगले.

त्या खोक्याची पद्धत अशी. प्रथम तारा उतरवायच्या. ताणलेल्या तारा घोडीला तबलीवर दाबून धरतात. त्या दाबात वरून धक्का बसला की तबली चिरते. घोडी सुटी करून फडक्यात गुंडाळायची आणि खुंट्यांना दोरा बांधायचा. भोपळा खोक्याच्या कोणत्याही फळीला टेकता कामा नये. वाद्याचा भार दांडीखालच्या दोन आडव्या आधारांवर घ्यायचा. भोवती काय भरायचे, यात आमच्या मुलखाचा स्वभाव दिसतो. भाताचा पेंढा इथे दुर्मीळ, ज्वारीचा कडबा टणक आणि उंदरांना आमंत्रण देणारा. कापूस मात्र घरचा. पण मोकळी रुई हादऱ्यांनी दबते आणि वाद्य आत खुळखुळू लागते. म्हणून ती घट्ट उशांमध्ये ठासून भरायची, आणि सर्वांवर जुनी गोधडी. पेटी असेल तर भात्याचे आकडे लावून पट्ट्यांवर कापडाची घडी दाबायची, म्हणजे त्या नाचत नाहीत.

काळवेळही पाहावी लागे. दांडी आणि भोपळा सरसाने जोडलेले असतात. खानदेशचा वैशाख आणि त्यामागून येणारा ओलावा दोन्ही सरसाचे वैरी. म्हणून दिवाळी उलटली की वाद्यांच्या पाठवणीचा हंगाम सुरू होई. आणि भोपळा फुटला असेल तर त्याची कपची न् कपची पुरचुंडीत बांधून द्यायची. कारागीर ते तुकडे जुळवतो, आतून सरसाने कापड चिकटवतो, आणि तोच भोपळा पुन्हा बोलू लागतो. हरवलेल्या तुकड्याला मात्र जोड नाही.

१९६० नंतरच्या दशकात आमच्या वडिलांचा तंबोरा असाच मिरजेस गेला होता. त्यांनी खोक्यात एक चिठ्ठी ठेवली. तीत दुरुस्तीचा तपशील दोन ओळींत होता आणि बाकी सगळे गाणाऱ्याविषयी: आवाज पुरुषाचा, सूर काळी एक, जवारी फार मोकळी नको. मला तेव्हा हे चमत्कारिक वाटले. आज वाटते, वाद्याबरोबर गळ्याचीही ओळख पाठवणारी ती चिठ्ठी हीच खरी बांधणी. तंबोरा महिना-दीड महिन्याने सुखरूप आला. आमच्या गल्लीतल्या भजनाची पेटी तितकी दैवाची नव्हती. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून ती चकचकीत होऊन परतली, पण आतले मूळचे पॅरिसचे सूर जाऊन तिथे भलतेच बसले होते. दुकानाचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. मात्र तेव्हापासून सुरांची मोजदाद करून यादीवर दोघांची सही घेतल्याशिवाय मंडळींनी पेटी कुणाच्या हवाली केली नाही.

१९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला आणि एक सांधा गेला. २०२० च्या टाळेबंदीत आमची पीजे थांबली ती पुन्हा धावली नाही. दुसराही सांधा असा सरला. आता वाद्ये मोटारीने, कुरियरने जातात आणि पुष्कळ घरांत विजेवरचा तंबोरा बोलतो, त्याला भोपळाच नाही. पण कुरियरच्या गोदामातही नग हातोहात फिरतोच, आणि तिथल्या माणसाला आत काय आहे ते ठाऊक नसते. फळीला न टेकणारा भोपळा, उतरवलेल्या तारा, फुटक्या कपच्यांची पुरचुंडी आणि गळ्याची ओळख सांगणारी चिठ्ठी, या चार गोष्टी रूळ गेले म्हणून जुन्या झालेल्या नाहीत. येत्या कार्तिकात कुणाचा तंबोरा मिरजेच्या वाटेला लागणार असेल, तर त्याने घरातली एक जुनी गोधडी त्यासाठी राखून ठेवावी.