सोने सरले, कर उरला

वसई-गोव्याप्रमाणे ब्राझीलवरही पोर्तुगीज राजाची सत्ता होती. तेथील मिनास जेराइस प्रांतात सतराव्या शतकाच्या अखेरीस सोने सापडले आणि त्याचा पाचवा हिस्सा राजाचा ठरला. चोरट्या व्यापाराच्या संशयावरून संन्यस्त धर्मसंघीयांनाही त्या प्रांतात मज्जाव झाला. सोन्याची भुकटी सरकारी ओतशाळेत वितळवून, कर भरून शिक्का घ्यावा, असा कायदा १७१९ साली निघाला. १७२० साली व्हिला रिका येथे लोक उठले. गव्हर्नर पेद्रो द आल्मेडा यांनी उठाव चिरडून फिलिपे दोस सांतोस यांस देहान्त शासन दिले. हेच आल्मेडा पुढे गोव्याचे व्हाइसरॉय झाले व १७४६ साली हळर्णचा किल्ला जिंकून ‘आलोर्नाचे मार्किस’ म्हणून ओळखले गेले.

१७३५ ते १७५० या काळात कर सोन्यावर नव्हे, माणसावर बसला. खाणीत काही गवसो वा न गवसो, दर गुलामामागे वर्षाला सुमारे १७ ग्रॅम सोने द्यावे लागे. त्यानंतर वार्षिक १०० आरोबा, म्हणजे सुमारे १,४७० किलो सोन्याची हमी मागण्यात आली. तूट रहिवाशांनी भरून द्यायची. खाणी आटल्या, आकडा मात्र घटला नाही. या वसुलीच्या धास्तीने १७८९ साली स्वातंत्र्याचा कट शिजला. तो फुटला आणि २१ एप्रिल १७९२ रोजी तिरादेन्तिस फासावर गेले.

मात्र ज्यांची डोकी मोजून कर घेतला गेला, त्या आफ्रिकी गुलामांच्या मुक्तीविषयी कटवाल्यांतही एकमत नव्हते. त्यांच्यासाठी १८८८ साल उजाडावे लागले.