शृंगार (रागसंगीतातील)

रागसंगीतात शब्द, स्वर आणि लय यांतून व्यक्त होणाऱ्या कामभावनेला रसशास्त्र शृंगार म्हणते. मीलनाचा तो संभोग, ताटातुटीचा तो विप्रलंभ. भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम आणि पंचम हे स्वर शृंगार व हास्य यांच्याशी जोडले आहेत. बंदिशींत मात्र विप्रलंभाचाच पगडा मोठा.

विदर्भात विप्रलंभाचा फार देखणा दाखला रामटेकशी निगडित आहे. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरचा हा डोंगर म्हणजेच मेघदूतातील रामगिरी, असे नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. तेथे शाप भोगणारा यक्ष अलकेतील पत्नीचे चित्र मनाशी रंगवतो: तिने वीणा मांडीवर घेतली आहे, पतीचे नाव गुंफलेले गीत तिला गायचे आहे, पण तारा आसवांनी भिजतात, आणि त्या पुसून पुन्हा आरंभ करावा तर स्वतःच रचलेली मूर्च्छना ती विसरून जाते. देहाची ओढ एका विसरलेल्या सुरावटीतून सांगणे, याहून सांगीतिक काय असू शकेल?

ख्याल-ठुमरीच्या बंदिशींत बोलते ती बहुतेक वेळा स्त्री. रात्र सरली तरी न आलेला प्रियकर, पाळत ठेवणाऱ्या सासू-नणंदा, सवतीच्या घरून परतलेल्याच्या डोळ्यांतली जाग हे तिचे विषय. अब्दुल करीम खाँसारखे पुरुष गवईही हीच स्त्री होऊन गातात, आणि श्रोत्यांना त्यात वावगे वाटत नाही. ठुमरीत एकच ओळ कधी आर्जवाने, कधी रुसून, कधी खट्याळपणे फिरवून म्हणतात; याला बोलबनाव म्हणतात. खमाज, पिलू, काफी, भैरवी हे तिचे हक्काचे राग. ही कला फुलवली ती मुख्यतः तवायफांनी.

विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत मध्यमवर्गीय घरांत नेताना विष्णु दिगंबर पलुस्करांनी अनेक शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून त्या भक्तिपर केल्या. त्यामुळे मुलींना गाणे शिकणे शक्य झाले, हे मोठेच काम. पण ज्यांच्या गळ्यातून ही गायकी आली, त्या स्त्रिया दूर लोटल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास, सरदार पटेलांकडे नभोवाणी खाते असताना, खासगी आयुष्याचे कारण देऊन अशा गायिकांना आकाशवाणीची दारे बंद झाली. हा अन्यायच होता.

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आरंभीचे शिक्षण घेतलेले वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) ख्यालाइतक्याच तन्मयतेने ठुमरी-दादरा गात. शब्दातला भाव ते चटकन पकडत, आणि तानेची झेप घेतानाही तो निसटू देत नसत. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका सभागृहाला त्यांचे नाव आहे.

ठुमरीच्या जवळची मराठी रचना म्हणजे बैठकीची लावणी. ठुमरीतली नायिका तक्रार करते. लावणीतली थेट मागणी करते, तीही समोरच्या रसिकाच्या डोळ्याला डोळा भिडवून. बसल्या जागी केवळ मुद्रा, हात आणि सूर यांनी एकाच ओळीचे अनेक अर्थ उलगडणे, ही तिची अदाकारी. ती जपणाऱ्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर, पद्मश्री मिळाली.