भिंग वाचवण्याचा इतिहास

चांदवडच्या एखाद्या शाळेच्या अंगणात मार्चच्या उन्हात भिंग धरले, की खालचा कागद धुमसू लागतो. भिंगाला मात्र काही होत नाही. काच पारदर्शक असते, म्हणून ती सुरक्षित राहते, असे आपण वर्गात सांगतो. लेसरच्या शोधानंतर हे उत्तर अपुरे ठरले.

थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर तयार केला. लवकरच अतिशय अल्पकालीन व प्रखर स्पंद मिळू लागले. अशा स्पंदांमुळे पारदर्शक काचेच्या आत बारीक, लांबट चिरा पडतात, असे मायकेल हर्चर यांना १९६४ मध्ये आढळले. असे का व्हावे? प्रखर प्रकाशात काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. शलाकेच्या मध्यभागी तीव्रता अधिक, म्हणून वाढही तेथेच अधिक. सपाट काच जणू बहिर्गोल भिंग बनते आणि शलाका स्वतःलाच एकवटून काच फोडते.

दुसरा शत्रू काचेतच दडलेला होता. लेसरची काच प्लॅटिनमच्या पात्रात वितळवीत. त्यातले सूक्ष्म कण काचेत राहत, प्रकाश शोषून तापत आणि भोवतालची काच तडकवीत. १९८० च्या दशकात वितळण्याची प्रक्रिया बदलून हे कण विरघळवण्यात यश आले. पृष्ठभागावरची धूळही अशीच घातक असल्याने स्वच्छ खोल्या आवश्यक ठरल्या.

तरीही मर्यादा उरली होतीच. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी सोपी युक्ती योजली. स्पंद आधी हजारो पट लांबवायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आखडायचा. तीव्रता कमी राहिल्याने वर्धकातली काच वाचते. या कार्याला २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चांदवडचा रंगमहाल होळकरांचा; तेथून जाणारा आग्रा रस्ता होळकरांच्याच इंदूरला पोहोचतो. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे डॉ. दिलीप भवाळकर हे संस्थापक संचालक. या केंद्रातील १५० टेरावॅट लेसर याच युक्तीवर चालतो. त्याचा स्पंद २५ फेम्टोसेकंदांचा. गुणाकार केल्यास ऊर्जा येते अवघी ३.७५ जूल, एक किलोचा दगड सुमारे ३८ सेंटिमीटर उचलण्यापुरती!

विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार अवश्य करून घ्यावा. काच फुटते ती केवळ ऊर्जेमुळे नव्हे. ती किती कमी वेळात आणि किती लहान जागेत एकवटते, यावर सारे अवलंबून असते.