झेवियर : एका नव्या घराचे नाव

गोव्यात 'झेवियर' हे नाव कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. शाळा-महाविद्यालयांचे फलक, ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या बातम्या, शेजाऱ्यांच्या दारावरील पाट्या, अशा अनेक ठिकाणी ते रोज डोळ्यांसमोर येते. ते इतके परिचित आहे की, मुळात हे नाव कशाचे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. पोर्तुगीजांबरोबर आले म्हणून ते पोर्तुगीज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. नाव पोर्तुगीजांच्या जहाजातून आले, हे बरोबर. पण ज्या माणसाबरोबर ते आले तो पोर्तुगीज नव्हता. तो आजच्या स्पेनमधील नवारा या प्रांतात जन्मला होता. आणि त्याचे नाव स्पॅनिश आडनावांच्या यादीत मोडत असले, तरी त्याचे मूळ स्पॅनिश भाषेतही नाही. ते बास्क भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे 'नवे घर'.

आपल्याकडे नवघरे हे आडनाव आहे. वसईजवळ आणि उरणजवळ नवघर नावाची गावे आहेत. झेवियर हे स्पेनमधील नवघर होय, असे म्हटले तर अर्थाच्या दृष्टीने काहीच चुकत नाही. इटलीतील कासानोव्हा, जर्मनीतील नॉयहाउस, स्पॅनिशमधील कासानुएवा ही आडनावेही नेमका हाच अर्थ सांगतात. नवे घर बांधणे ही मोठीच घटना. ती जगभर माणसांच्या नावांत उतरलेली दिसते.

बास्क ही पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, उत्तर स्पेन आणि नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बोलली जाणारी भाषा. तिचे कोणत्याही जिवंत भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. मराठी, कोंकणी, पोर्तुगीज आणि स्पॅनिश या चारही भाषा इंडो-युरोपीय कुळातील आहेत. बास्क त्या कुळाबाहेरची. म्हणजे भाषाकुळाच्या हिशेबाने मराठी ही स्पॅनिशची दूरची नातलग ठरते, पण स्पॅनिशच्या उंबऱ्याला उंबरा लागून राहिलेली बास्क मात्र तिची कोणीच लागत नाही.

या भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेर्री' म्हणजे नवे. दोन्ही मिळून 'एचेबेर्री'. शेवटी निश्चयवाचक 'आ' जोडला की 'एचेबेर्रिया', म्हणजे 'ते नवे घर'. बास्क प्रदेशात घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. शेत, कुरणावरचा हक्क, चर्चमधील बसण्याची जागा, पूर्वजांची थडगी हे सगळे घराला जोडलेले असे. माणसाच्या नावावरून घर ओळखले जाण्यापेक्षा घराच्या नावावरून माणूस ओळखला जाई. घर एकाच वारसाकडे जात असे. बाकीच्या भावंडांना चर्च, सैन्य, समुद्र किंवा दुसरीकडे नवा संसार हेच मार्ग उरत. त्यांच्यापैकी कोणी जुन्या घरापासून थोडे दूर नवे घर उभारले की, शेजारी त्याला 'नवे घर' म्हणत आणि पुढे तेच त्या कुटुंबाचे आडनाव होई. म्हणूनच एचेबेर्रिया हे बास्क आडनावांतील अतिशय प्रचलित आडनाव आहे, आणि म्हणूनच ते धारण करणारे सगळे एका घराण्याचे नाहीत. जितकी गावे, तितकी नवी घरे. स्पॅनिश लेखनात या आडनावाचे एचेवेरिया, एचेवारिया, एचावारिया, चावारिया, चावारी असे अनेक अवतार झाले. 'बेर्री'ऐवजी 'बारी' येते तेथे बहुधा बिस्काया भागातील बोलीचा ठसा असतो. पिरेनीजच्या फ्रेंच बाजूला तेच आडनाव एचेव्हेरी या वळणाने लिहिले जाते.

झेवियर हे याच शब्दाचे भावंड. मात्र त्याचा पत्ता एकच आहे. नवाराच्या पूर्व सीमेजवळ, सांगुएसा या नगराजवळ शंभराच्या आसपास वस्तीचे एक खेडे आहे आणि तेथे एक किल्लेवजा वाडा आहे. त्या गावाचे नाव आज स्पॅनिशमध्ये 'हाविएर'. या भागात बास्कच्या शेजारी लॅटिनपासून झालेली बोली नांदत होती. तिच्या तोंडी 'एचेबेर्री'चा आरंभीचा 'ए' गळाला, 'च'चा 'श' झाला आणि 'बे'चा 'बिए' झाला. मधला 'ए' 'आ'कडे झुकला होताच, कारण सामासिक शब्दांत बास्क भाषाही 'एचे'चे 'एचा' करते. अशा रीतीने शाविएर. पूर्वेकडे आरागोनमधील वेस्का प्रांतात हाविएर्रे नावाची कित्येक गावे आहेत. तीही याच साच्यातून निघालेली. आज तेथे बास्कचा मागमूस नाही, पण एके काळी ती किंवा तिच्या जवळची भाषा किती दूरवर बोलली जात होती, याचा पुरावा ही गावांची नावे देतात. गोव्यातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. भाषा उठून गेली तरी वाड्या-वस्त्यांची नावे मागे राहतात.

या वाड्यात ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस्कोचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे नाव हुआन दे हास्सो. ते नवारा राज्याच्या राजसभेचे अध्यक्ष होते. वाडा आला होता आई मारिया दे आस्पिलकुएता हिच्या माहेरकडून. त्या काळी स्पेनमध्ये आडनाव वडिलांकडून मुलाकडे सरळ रेषेत उतरत नसे. त्यामुळे या एकाच घरातील वडील हास्सो, एक भाऊ मिगेल दे शाविएर, दुसरा हुआन दे आस्पिलकुएता आणि धाकटा फ्रान्सिस्को दे शाविएर अशी स्थिती होती. कोणी वडिलांच्या गावाचे, कोणी आईच्या घराण्याचे, कोणी राहत्या वाड्याचे नाव लावी. आपल्याकडेही एकाच कुळातील एक शाखा गावावरून 'कर' होते आणि दुसरी हुद्द्यावरून देसाई किंवा कुळकर्णी म्हणवते, तसाच हा प्रकार. फ्रान्सिस्कोने आईच्या वाड्याचे नाव घेतले नसते, तर आज आपण कदाचित हास्सोचे फेस्त म्हटले असते.

ज्या घराचे नाव त्याने घेतले, ते घर मात्र त्याच्या लहानपणीच मोडले. नवारा हे तेव्हा स्वतंत्र राज्य होते. १५१२ मध्ये फर्दिनांद राजाच्या सैन्याने ते जिंकले. १५१५ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी, बंडाचा प्रयत्न फसल्यावर, राज्याचा कारभार पाहणारे कार्डिनल सिस्नेरोस यांनी नवारातील किल्ले पाडण्याचा हुकूम काढला. हाविएरच्या वाड्याचे तट आणि बुरूज उतरवण्यात आले, खंदक बुजवण्यात आला. कुटुंबाला राहण्यापुरता भाग तेवढा उरला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. १५२१ मध्ये त्याचे भाऊ नवाराच्या गादीसाठी फ्रेंचांच्या बाजूने लढले. त्याच मोहिमेत, पाम्प्लोनाच्या गढीत विरुद्ध बाजूने लढताना, लोयोलाचा इग्नेशियस जखमी झाला. पुढे हे दोघे पॅरिसच्या विद्यापीठात भेटले आणि जेझुइट संघाच्या स्थापनेत सहभागी झाले. १५२५ मध्ये फ्रान्सिस्को पॅरिसला गेला, तो पुन्हा या घरी राहायला आला नाही. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. आज पर्यटकांना दिसणारे हाविएरचे बुरूज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या जीर्णोद्धाराचे आहेत.

त्याची मातृभाषा कोणती होती, याविषयी त्याचाच शब्द उपलब्ध आहे. कोचीनहून जानेवारी १५४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात, किनाऱ्यावरील लोकांची भाषा मलबारी आणि आपली बास्क, त्यामुळे परस्परांचे बोलणे कळत नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. 'मलबारी' हा शब्द तेव्हा तमिळसाठी वापरला जाई.

आता या नावाच्या उच्चाराकडे वळू. परदेशी नावे देवनागरीत उतरवणे हे आमच्या टेबलावरचे रोजचे काम, आणि या एका नावाइतकी फसवी नावे थोडी. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिशमध्ये 'एक्स' या अक्षराचा उच्चार 'श' होता. म्हणजे वाड्याचे नाव घरात 'शाविएर' असेच उच्चारले जात असणार. पुढच्या शंभरेक वर्षांत स्पॅनिश भाषेने हा 'श' घशाकडे ओढला आणि त्याचा खरखरीत 'ह' केला. सर्वान्तेसचा नायक त्याच्या काळी 'किशोते' होता, तो आता 'किहोते' झाला. फ्रेंचांनी जुना उच्चार घेतला म्हणून ते अजून 'किशोत' म्हणतात. १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने लेखनही बदलले आणि अशा शब्दांत 'एक्स'च्या जागी 'जे' हे अक्षर आले. तेव्हापासून शाविएर गावाचे नाव आणि त्यावरून ठेवलेली माणसांची नावे 'हाविएर' अशीच लिहिली आणि बोलली जातात.

पोर्तुगीजने मात्र जुना 'श' सोडला नाही, आणि पोर्तुगीज लिपीपद्धती घेऊन घडलेल्या रोमी कोंकणीनेही नाही. शेल्डे, शेळवण ही गावांची नावे रोमीत 'एक्स'नेच सुरू होतात. पोर्तुगीज वळणाची जुनी पिढी 'शावियेर' म्हणते, त्याला अशिक्षित उच्चार समजून हसणारे लोक मी पाहिले आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजी शाळांनी रूढ केलेला 'झेवियर' आणि आजच्या माद्रिदमधील 'हाविएर', या दोहोंपेक्षा गोव्यातील 'शावियेर' मूळ उच्चाराच्या अधिक जवळ आहे. मराठीत आता 'झेवियर' रुळला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. पण 'शावियेर'ला दुरुस्त करण्याचेही नाही.

स्पेनमध्ये हा उच्चारभेद आजही कानावर पडतो. फुटबॉलप्रेमी गोमंतकीयांना २०१० चा विश्वचषक जिंकणारा स्पेनचा संघ आठवत असेल. त्यात कातालोनियाचा शावी एर्नांदेस होता, बास्क प्रदेशात वाढलेला शाबी आलोन्सो होता आणि नवारात जन्मलेला हावी मार्तिनेस होता. तिघांचे नाव एकच, 'नवे घर'. कातालान आणि बास्क भाषांनी 'श' ठेवला, स्पॅनिशने 'ह' केला, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या तिघांचेही ते आडनाव नाही, पाळण्यातले नाव आहे. १६२२ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांना संतपद मिळाल्यानंतर कॅथलिक जगात मुलांना 'फ्रान्सिस झेवियर' असे जोडनाव देण्याची प्रथा पडली आणि हळूहळू त्यातील उत्तरार्ध सुटा होऊन स्वतंत्र नाव बनला. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तो 'क्साव्हर' झाला. 'सायलेंट नाइट' या नाताळगीताला चाल देणारा ग्रूबर हा फ्रान्झ क्साव्हरच. इटलीत 'साव्हेरियो', तमिळमध्ये 'सवेरियार'. मग या नावावरून पुन्हा आडनावे झाली. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या कटात १७९२ मध्ये फाशी गेलेला तिरादेन्तेस याचे पूर्ण नाव जोआकीं जोझे दा सिल्वा शावियेर. फिलिपिन्समध्ये हाविएर हे सर्रास आढळणारे आडनाव आहे. गोव्याच्या गावकरी संस्थांचा इतिहास १८५२ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे फिलिप नेरी शावियेर यांचे नाव येथील अभ्यासकांना ठाऊक आहेच. गावाचे आडनाव, आडनावाचे नाव, नावाचे पुन्हा आडनाव, असा हा प्रवास. त्यामुळे गोवा, केरळ किंवा ब्राझीलमधील झेवियर कुटुंबाचा नवाराच्या वाड्याशी रक्ताचा संबंध असल्याचे या आडनावावरून मुळीच ठरत नाही.

एचेवेरिया या भावंडाचा प्रवास वेगळा. तो संताच्या नव्हे, तर वारसा न मिळालेल्या धाकट्या भावांच्या पायांनी झाला. बास्क खलाशी, व्यापारी आणि मेंढपाळ स्पॅनिश अमेरिकेत गेले. एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिना, उरुग्वे, चिलीकडे त्यांची रीघ लागली. अर्जेंटिनाचा कवी एस्तेबान एचेवेरिया, १९७० ते १९७६ या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेले लुइस एचेवेरिया, १९९४ च्या विश्वचषकात खेळलेला बोलिव्हियाचा मार्को एचेवेरी ही त्यातली ठळक नावे. कोलंबियात शेवटचा 'आ' झडून एचेवेरी झाले, मध्य अमेरिकेत चावारिया.

स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत बास्क नावांची बास्क वळणाने नोंद होऊ दिली जात नसे. १९९९ च्या कायद्याने आडनावाचे लेखन आपल्या भाषेच्या नियमांप्रमाणे दुरुस्त करून घेण्याची मुभा नागरिकांना दिली. तेव्हापासून अनेक एचेवेरिया कुटुंबांनी कागदोपत्री एचेबेर्रिया हे बास्क रूप परत घेतले. आजही एकाच घरात एका भावाच्या ओळखपत्रावर जुने स्पॅनिश लेखन आणि दुसऱ्याच्या ओळखपत्रावर बास्क, असे आढळते.

हाविएर गावात मार्च महिन्यात पाम्प्लोनाहून आणि नवाराच्या कानाकोपऱ्यांतून हजारो लोक पायी येतात. या पदयात्रेला 'हाविएरादा' म्हणतात. आणि जुन्या गोव्यात फेस्त असते त्या ३ डिसेंबरला नवारातही सार्वजनिक सुट्टी असते. तो त्या प्रांताचा अधिकृत प्रांतदिन आहे.