स्थिर वस्ती आणि शेतीचा उदय

माणूस आधी शेती करू लागला आणि मग शेताजवळ घर बांधून राहिला, असा क्रम सहसा सांगितला जातो. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांच्या 'नवाश्मयुगीन क्रांती' या कल्पनेने तो रूढ केला. पश्चिम आशियातील पुरावा मात्र गाव आधी, शेत नंतर असे सांगतो. तेथील नाटूफी लोक (सुमारे १५,००० ते ११,५०० वर्षांपूर्वी) शिकारीवर आणि रानधान्यावर जगत. तरीही उत्तर इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथे त्यांनी जमिनीत अर्धी उतरलेली, दगडी पायाची गोल घरे बांधली, जड उखळी घडवल्या आणि आपली माणसे वस्तीतच पुरली. एका दफनात तर मृताचा हात कुत्र्याच्या पिलावर टेकलेला आहे.

हे केवळ हंगामी तळ असतील, अशी शंका घेतली जाते. पण तेथे घरउंदरांचे अवशेष सापडतात, आणि हा प्राणी माणसाच्या कायम वस्तीत फोफावतो. नाटूफी उत्तरकाळात काही गट पुन्हा भटके झाले, हे खरे. त्याने आधीची घरे पुसली जात नाहीत. नाटूफी विळ्यांच्या गारगोटी पात्यांवरील चकाकीला शेतीचा पुरावा मानणेही घाईचे, कारण रानगवत कापूनही ती येते. खरी खूण ओंबीत असते. रानधान्याचे दाणे पिकताच झडतात, लागवडीच्या धान्याचे ओंबीलाच राहतात. असे न झडणारे धान्य ठळकपणे दिसू लागते, ते सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी. ऐन मल्लाहाची पहिली घरे त्याहून हजारो वर्षांनी जुनी आहेत.